तपासणाऱ्याचं टेबल

२ फेब्रुवारी

नवं काम सुरू. कंपनी बाटल्यांची झाकणं करते. खाली मशीन, वर हिशेब विभाग. दिवसभर पायाखालून झाकणं पडल्याचा आवाज येत राहतो, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा. पहिला तासभर डोकं उठलं. जेवायच्या सुट्टीत मशीन थांबलं तेव्हा मात्र चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

आजवर पंप, मिक्सर, वजनकाटे यांची माहितीपुस्तकं लिहिली. इथे यंत्र नाही, माणसं लिहायची आहेत. कंपनीचे आर्थिक अहवाल बरोबर निघावेत म्हणून आतल्या आत ज्या तपासण्या होतात त्यांना हे लोक कंट्रोल म्हणतात. प्रत्येक कंट्रोलचं एक पान. कोण करतं, काय करतं, कधी करतं आणि केलं हे कशावरून. कुणीही तिऱ्हाईत माणसानं पान वाचावं आणि ते काम डोळ्यांसमोर घडताना दिसावं. मार्चच्या मध्याला ऑडिटर येतील तेव्हा ही पानं त्यांच्या हातात असतील.

वित्तप्रमुख बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. "मागच्या वर्षीची पानं वाचून ऑडिटर म्हणाले, यात माणूसच दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तपासणी केली जाते, मंजुरी दिली जाते. कोण करतं? भुतं?" त्या हसल्या. मीही हसलो.

घरी फ्रीजच्या दारावर चिठ्ठी. 'जेवण झाकून ठेवलंय. मीठ कमी आहे हे मला माहीत आहे, सांगू नकोस.' बायको नर्स आहे, सध्या रात्रपाळी. मी येतो तेव्हा ती गेलेली, ती येते तेव्हा मी निघालेला. अर्धा संसार त्या दारावर चालतो.

५ फेब्रुवारी

लोकांशी बोलायला सुरुवात केली. खरेदीची बिलं बघणारा तरुण आहे त्याला सगळे 'खरेदी' म्हणतात. तोही फोन उचलून "खरेदी बोलतोय" म्हणतो. बडबड्या आहे, पण कामाला पक्का.

बँकेची जुळवणी ताई करतात. आपल्या वह्यांप्रमाणे बँकेत किती असायला हवं आणि बँक म्हणते किती आहे, हे ओळीला ओळ लावून बघायचं, फरक असेल तिथे कारण लिहायचं. पन्नाशीच्या बाई, आवाज कधी चढत नाही. विचारलं त्याचं उत्तर देतात, विचारलं नाही त्याचं देत नाहीत.

"आणि तुम्ही केलेली जुळवणी तपासतं कोण?"

"काका," दोघं एकदम म्हणाली.

काका म्हणजे वरिष्ठ लेखाधिकारी. टेबल खिडकीपाशी. वर काच, काचेवर चष्म्याचं घर, टोक काढलेल्या तीन पेन्सिली. खुर्चीवर चपटी झालेली उशी. बाकी सगळ्या टेबलांवर फायली ओसंडून वाहताहेत. इथे धुळीचा कण नाही.

"काकांच्या नजरेतून माशी सुटत नाही," खरेदी म्हणाला. "सुटली तर तिचं बिल मागतात."

काका जागेवर नव्हते. घरी निघताना ताईंनी जानेवारीची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. "काका, ठेवलीय हं," असं म्हणाल्या. लहान मुलं निघताना घराला सांगतात तसं. जुन्या माणसांच्या सवयी.

९ फेब्रुवारी

काका आजही नाहीत.

"ताई, अर्धा तास हवाय त्यांचा. कधी असतात?"

"काय विचारायचंय?"

"तपासतात कसं ते."

"मग लिहून ठेवा टेबलावर. काकांना तोंडी विचारलेलं आवडत नाही. म्हणतात, तोंडी विचारणारा अर्धंच विचारतो."

हे वाक्य मला इतकं पटलं की रजेवर आहेत का, हे विचारायचं राहूनच गेलं. पाच प्रश्न लिहिले, कागद चष्म्याच्या घराखाली सरकवला. वर पाहिलं तर ताई बघत होत्या. डोळे पुसत होत्या बहुतेक. खालच्या रंगाचा वास वरपर्यंत येतो, माझेही चुरचुरतात.

१० फेब्रुवारी

उत्तरं आली. प्रत्येक प्रश्नाखाली, कडक पेन्सिलीनं, एकाही खाडाखोडीशिवाय.

सुरुवात कुठून करता? — शेवटून. पहिल्या ओळींना करणारा ताजा असतो. चुका दमल्यावर होतात.

कुठल्या नोंदीचा संशय येतो? — जिचं कारण फार छान लिहिलेलं असतं तिचा.

तपासायला साधारण किती वेळ लागतो? — घड्याळ बघून तपासणाऱ्याला विचारा.

इतकी वर्षं लोकांची उत्तरं काढतोय. इंजिनियर सांगतात ते मला कळत नाही आणि मला हवं ते ते सांगत नाहीत. असं उत्तर देणारा माणूस पहिल्यांदा भेटला. बायकोसाठी फ्रीजवर सगळं उतरवून ठेवलं.

१६ फेब्रुवारी

रोज एक-दोन प्रश्न ठेवतो, सकाळी उत्तर तयार असतं. जुळवणीचं पान मी आजवर लिहिलेल्या पानांत सगळ्यात चांगलं झालंय. वाचलं की माणूस दिसतो. खुर्ची मागे सरकवतो, चष्मा बदलतो, फाइल उलटी धरतो.

परवा एक प्रश्न कामाबाहेरचा विचारला. इतकी वर्षं हेच करताय, कंटाळा येत नाही? त्याला दोन दिवस लागले. उत्तर असं: 'येतो. मग ताईकडे बघतो. ती माझ्यापेक्षा जास्त दमते आणि बोलत नाही.'

पानाच्या तळाशी छापील ओळ असते, 'तपासणाऱ्याशी प्रत्यक्ष चौकशी करून वरील वर्णनाची खात्री केली आहे.' खाली लिहिणाऱ्याची सही. केली. चिठ्ठीनं झाली तरी चौकशी ती चौकशीच.

१९ फेब्रुवारी

बायकोची सुट्टी. किती दिवसांनी समोरासमोर जेवलो.

"दिसायला कसे आहेत?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुझे काका. त्यांच्या सुविचारांनी फ्रीज भरलाय. दूध आण लिहायला जागा नाही."

"पाहिलं नाही अजून. माझ्या वेळेला नसतात."

"मग कुणाच्या वेळेला असतात?"

"सकाळी लवकर येत असतील."

"असतील." ती जेवत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे चार्ट नीट भरलेला असला आणि पेशंट दिसला नाही, तर आम्ही चार्टचं कौतुक करत बसत नाही."

"मी तुला तरी कुठे बघतो?"

"म्हणून तर म्हणतेय."

तिला प्रत्येक गोष्टीत दवाखाना दिसतो.

२४ फेब्रुवारी

आणखी एक सही हवी आहे. वर्णन बरोबर असल्याची, खुद्द तपासणाऱ्याची. पान काल टेबलावर ठेवलं. आज परत मिळालं. सहीच्या जागी पेन्सिलीनं: 'बाकी सगळं बरोबर आहे. सही माझ्याकडून होणार नाही.'

थोडा राग आला. एवढा काटेकोर माणूस आणि सहीला नखरे.

"घरी जाऊन भेटलो तर चालेल का हो त्यांच्या?" खरेदीला विचारलं.

तो नेहमीसारखा हसला नाही. पत्ता लिहून दिला. "जाऊन या," म्हणाला. "काकूंना बरं वाटेल. आमचंच जाणं झालं नाही पुन्हा."

२६ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्यावर घर. काकूंनी दार उघडलं. कंपनीतून आलोय म्हटल्यावर आत बसवलं, पाणी दिलं. मी पान पुढे केलं. म्हटलं, काकांची सही हवी होती.

"कशावर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

चष्मा लावून त्यांनी पूर्ण पान वाचलं. दोनदा. वाचताना एकदा हसल्या. "असंच करायचे," म्हणाल्या. "वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचायचे. भांडण व्हायचं आमचं."

मी भिंतीकडे पाहिलं. आत कुणाची चाहूल नव्हती. दाराशी एकच चपलांचा जोड होता.

पान माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "अजून जातात वाटतं ऑफिसात. घरी तर एकदाही आले नाहीत."

मे महिन्यात गेले. रविवारी, झोपेत.

जिना कसा उतरलो आठवत नाही.

२७ फेब्रुवारी

ऑफिसला गेलो नाही. दिवसभर बाहेर भटकून संध्याकाळी घरी आलो. फ्रीजवर चिठ्ठी होती: 'दूध संपलं. लवकर झोप.' अक्षर तिचंच. तिचंच आहे हे मी कशावरून म्हणतो? वाचून झाल्यावर तिथे उभं राहवेना.

तडक दवाखान्यात गेलो. तिची पाळी नुकती सुरू झाली होती. वॉर्डच्या दारातून मला बघून ती भराभर आली.

"काय झालं?"

"काही नाही. बघायला आलो."

"काय?"

"तुला."

तिनं माझं मनगट धरलं, घड्याळात बघत नाडी मोजली. "जोरात चाललीय. काय झालंय?"

"फ्रीजवरची चिठ्ठी तूच लिहिलीस ना?"

"नाही, शेजारणीनं लिहिली. सांगतोस का आता?"

सांगितलं. मी म्हटलं नव्हतं का, असं ती म्हणाली नाही. माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "त्या बाईचं काय होणार आता?"

"कुठल्या बाईचं?"

"उत्तरं लिहिणाऱ्या. तुझ्या त्या ताईंचं."

तोवर माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मी अजून काकांच्याच अक्षराशी अडकून होतो.

२ मार्च

"तुम्हाला माहीत नव्हतं?" खरेदी माझ्याकडे बघतच राहिला. "अहो, आख्ख्या कंपनीला माहितीय."

"तुम्ही सगळे 'काका बघतात' म्हणता."

"म्हणतो. मॅडम म्हणाल्या होत्या, जागा भरेपर्यंत बाहेरच्यांपुढे विषय नको. मग तेच तोंडात बसलं. पण तुम्ही चिठ्ठी ठेवलीत ना टेबलावर? तेव्हा आम्हाला वाटलं तुम्हाला कळलंय. ताई काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, परका माणूस आहे, पण मन राखतो."

मी मन राखत होतो. मला ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

ताई दिवसभर मान वर न करता काम करत होत्या. निघताना फेब्रुवारीची फाइल टेबलावर ठेवली, मला न बघितल्यासारखं करून. "काका, ठेवलीय."

३ मार्च

आज लवकर गेलो. खालचं मशीन सुरू व्हायच्या आत. ताई आधीच आल्या होत्या आणि काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मला बघूनही उठल्या नाहीत.

डोळ्यांवर त्यांचा नेहमीचा चष्मा नव्हता, काकांच्या टेबलावरच्या घरातला होता. फाइल शेवटून उघडली होती. पेन्सिलीचं टोक ओळीवरून मागे मागे सरकत होतं. मध्येच थांबलं. त्या "हं" म्हणाल्या, जाड आवाजात, घशातून. तो आवाज ताईंचा नव्हता. एका धनादेशाची तारीख पुढच्या महिन्याची होती. काल स्वतःच बरोबर म्हणून लिहिलेली ओळ. त्यांनी तिथे खूण केली.

संपल्यावर चष्मा काढून घरात ठेवला आणि त्या पुन्हा ताई झाल्या.

"माझ्या खुर्चीतून मला ती दिसली नव्हती," त्या म्हणाल्या. "दिसत नाही. हजार वेळा बघितलं तरी. इथे बसून दिसते."

"हे कधीपासून?"

"गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. फाइल शनिवारीच ठेवली होती मी. सोमवारी आले तर तशीच. मॅडमना दुपारपर्यंत हवी होती. कुणी तपासायची? बावीस वर्षं त्यांच्या हातून चुका काढून घेतल्यात मी. ते काय म्हणतील ते मला त्यांच्याआधी कळायचं." मग म्हणाल्या, "खोटी सही एकदाही केली नाही. सहीची जागा कोरी आहे दर महिन्याला. मॅडमनी एकदाही विचारलं नाही कोरी का."

"आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं?"

"ती त्यांचीच आहेत. एक सोडून." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "कंटाळ्याचं. ते असं कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं."

५ मार्च

मॅडमकडे गेलो. माझं पान त्यांच्यापुढे होतं.

"सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "काही बदलू नका."

"तपासणारा माणूस हयात नाही."

"तुम्ही माणसाचं नाव लिहिलेलं नाही, पद लिहिलंय. पद आहे. भरायचं राहिलंय."

"पण तपासतं कोण? करणारीच तपासते आहे. एकाच हातानं करायचं नि त्याच हातानं तपासायचं, हे होऊ नये म्हणून तर कंट्रोल असतो."

"म्हणजे ते ताईंनी नियम मोडून केलं. ते लिहायचंय का तुम्हाला? मग चौकशी लागेल आणि त्या घरी जातील. माझी हरकत नाही." त्यांनी पान उलटं करून माझ्याकडे सरकवलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे बघा. तपासणाऱ्याशी प्रत्यक्ष चौकशी केली. सही कुणाची आहे ही? माझी नाही."

आवाजात धमकी नव्हती. चहा घेणार का, असंही विचारलं.

९ मार्च

तीन दिवस एकच पान. कितीही लिहिलं तरी दोनच पानं होतात. एकात काका जिवंत आहेत. दुसऱ्यात ताई बाहेर आहेत.

तिसरं लिहून बघितलं, गोलगोल. 'तपासणी प्रस्थापित पद्धतीनं होते.' वाचलं आणि मॅडमचा विनोद आठवला. फाडलं.

शेवटी ताईंना सरळ विचारलं. दोघं जिन्यात उभे होतो.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"खरं लिहिलंत तर मला काढतील. मुलगी शिकतेय अजून, नवऱ्याचं दुकान चाललं तर चाललं." त्या बोलताना मोजून थांबत होत्या. "आणि तसंच राहू दिलंत तर दर महिन्याला मी त्या खुर्चीत बसायचं. परवा घरी लेकीवर रागावले ना, तर त्यांच्या आवाजात रागावले. ती घाबरली. मीही घाबरले."

"मग काय लिहू?"

"ते मला कशाला विचारता? मी जुळवणी करते." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "अर्धं मात्र लिहू नका. माझं लिहायचं तर सगळ्यांचं लिहा."

११ मार्च

दिलं. करारात आहे, पानं मॅडमकडे आणि ऑडिटरकडे एकाच वेळी जातात. तशी गेली. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे मला सोयीचं काही आठवायला नको.

'तपासतं कोण: गेल्या मे महिन्यापासून कोणी नाही. वरिष्ठ लेखाधिकाऱ्यांचं निधन झालं. जागा भरलेली नाही, हे वित्तप्रमुखांना ठाऊक आहे. जुळवणी करणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी सकाळी दिवंगत अधिकाऱ्यांच्या टेबलाशी बसून त्यांच्या पद्धतीनं तीच फाइल पुन्हा तपासते. हे तिला कोणी सांगितलेलं नाही आणि कोणी थांबवलेलंही नाही. कशावरून: पेन्सिलीच्या खुणा. सहीची जागा दर महिन्याला कोरी. कोरी जागा असलेली फाइल दर महिन्याला वित्तप्रमुखांनी स्वीकारली. या पद्धतीत सापडलेल्या चुका सोबत जोडल्या आहेत. चुका सापडल्या म्हणून ही तपासणी ठरत नाही.

आधीच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की तपासणाऱ्याशी प्रत्यक्ष चौकशी केली. मी त्यांना भेटलो नव्हतो. ते विधान खोटं आहे आणि ते माझं आहे.'

बायकोला फ्रीजवर लिहायला गेलो आणि नाही लिहिलं. ती उठायची वाट बघत बसलो.

१७ मार्च

ऑडिटर बाई आल्या. तिशीच्या, सर्दीनं बेजार, सारखा रुमाल. पान त्यांनी वाचलेलं होतं. म्हणाल्या, "करून दाखवा."

मॅडम भिंतीपाशी हाताची घडी घालून उभ्या. ताई काकांच्या खुर्चीत बसल्या, चष्मा बदलला, फाइल शेवटून उघडली. विभागात कुणी कागदसुद्धा हलवत नव्हतं.

"हे आत्ता तुम्ही काय करताय?" ऑडिटर बाईंनी विचारलं.

"तपासतेय."

"आणि ही तयार कुणी केली?"

"तिनं," ताई म्हणाल्या आणि पेन्सिल समोर रोखली, स्वतःच्या टेबलाकडे.

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मीसुद्धा. खुर्ची थोडी मागे सरकलेली होती, पाठीला ताईंची शाल. खरेदी नंतर म्हणाला, शपथेवर सांगतो, मला तिथे कुणीतरी वाटलं.

ऑडिटर बाईंचं लिहिणं थांबलं. "तिला सांगा, उद्यापासून चौकशी होईपर्यंत घरी राहायचं," त्या म्हणाल्या. मग सावरून, "म्हणजे तुम्ही."

ताईंनी चष्मा काढला. तो त्याच्या घरात ठेवला. शाल घेऊन निघाल्या. मॅडमकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

२० मार्च

टेबल तसंच. ताईंचंही तसंच. आता दोन टेबलं रिकामी, आणि पुसायला कोणी नाही म्हणून दोन्हींवर धूळ.

खरेदी माझ्याशी बोलत नाही. दोघांपुरता चहा सांगायचा, तो आता एकट्यापुरता सांगतो.

मी चूक केली का, हे कुणाला विचारावं? सवयीनं खिडकीकडे पाहिलं.

२६ मार्च

निर्णय आला. गंभीर उणीव म्हणून अहवालात नोंद. जागा रिकामी ठेवून दहा महिने काही कळवलं नाही म्हणून मॅडमना वरून लेखी विचारणा झालीय. त्या आहेत, पण दार लावून बसतात. माझं नाव यापुढे कंपनीच्या कामात घेऊ नये असं कुणीतरी सुचवलंय म्हणे. घेऊ नये हेच बरोबर. खोटी सही माझी होती.

ताईंना परत बोलावलं. वरिष्ठ लेखाधिकारी म्हणून. तपासणं येतं असं दुसरं माणूस कंपनीत नाही, हे माझ्या पानावरूनच ठरलं. जुळवणी आता खरेदीकडे. अट एक: ताई जुळवणीला हात लावणार नाहीत, आणि प्रत्येक फाइलवर स्वतःच्या नावानं सही.

बायकोला सांगितलं. तिची रात्रपाळी संपली. "मग आता ती खुश?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"बघून ये," ती म्हणाली.

३ एप्रिल

माझा शेवटचा दिवस. जुळवणीचं पान नव्यानं लिहायचं होतं, म्हणून तपासणी होताना तिथे बसणं भागच होतं.

खरेदीनं रात्रीचा दिवस करून मार्चची जुळवणी केली होती. सकाळी फाइल घेऊन खिडकीपाशी आला, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "काका, ठेवलीय हं." मग जीभ चावली.

"दे इकडे," ताई म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. चष्म्याच्या घराकडे हात गेला आणि परत आला. स्वतःच्याच चष्म्यानं बघायला लागल्या. शेवटून काही पानं उलटली, थांबल्या. पुन्हा पहिल्या पानावर आल्या. पुन्हा शेवटी गेल्या. खाली मशीन चालू होतं. मी 'कधी' आणि 'कशावरून'च्या रकान्यांत काहीतरी लिहीत होतो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. त्या कान देऊन बसल्यासारख्या दिसत होत्या.

दुपार होत आली तेव्हा एक चूक सापडली. एकच भरणा दोनदा लावलेला. त्यांनी बोलावलं, खरेदी आला, त्याला दाखवली. तो म्हणाला, "काका असते तर पहिल्या पाच मिनिटांत..." आणि थांबला.

"हो," ताई म्हणाल्या. "मला अर्धा दिवस लागला."

त्यानं दुरुस्त करून आणली. ताईंनी पुन्हा बघितली. मग पेन काढलं, कोऱ्या जागेवर सही केली, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत फाइल उघडीच ठेवली. जेवायची सुट्टी झाली आणि खालचं मशीन थांबलं. त्या शांततेत त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात:

"काका गेले."

इतक्या दिवसांत हे दोन शब्द त्या खोलीत कुणी उच्चारलेले मी ऐकले नव्हते. खरेदीच्या हातातला डबा तसाच राहिला. लोक आपापल्या जागेवरून उठले आणि बातमी आल्यावर उभं राहतात तसे टेबलाभोवती येऊन उभे राहिले. मॅडमचं दार उघडलं. त्या दारातच थांबल्या.

मागून कुणीतरी, बहुतेक न समजून, विचारलं, "कधी?"

कुणी हसलं नाही. ताई पेनाचं टोपण लावत होत्या.

"आत्ता," त्या म्हणाल्या.